मास्तरची दुसरी सायकल

मिस्त्रीच्या दुकानात सायकल दुरुस्तीला टाकली, की दुरुस्तीबरोबर चार शब्द फुकट ऐकून घ्यावे लागतात, हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. कुणी नवी रेसर घेऊन आलं, की तो आधी हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारायचा. मग विचारायचा, ब्रेकची तार कुठे गेली? हँडलच्या पोटात? म्हणजे तार बदलायची झाली तर आधी पोट फाडायचं? गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा. पण त्याची ती नुसती गंमत नव्हती. चाळीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातल्यावर त्याचं मत पक्कं झालं होतं, की रस्त्याच्या कडेला बसून दोन पान्यांनी दुरुस्त होते तीच सायकल. बाकी सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ.

चार चौक सोडून पलीकडे एका बाईनं नव्या सायकलींचं दुकान थाटलं, तेव्हा तर त्याला आयता विषय मिळाला. ती हातमोजे घालून काम करायची आणि गिअर तपासायला लॅपटॉप उघडायची. मिस्त्रीनं तिचं नाव डॉक्टरीण ठेवलं. ते नाव इतकं चिकटलं, की पुढे तिची स्वतःची गिऱ्हाइकंही तिला त्याच नावानं ओळखू लागली.

मिस्त्रीचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे मास्तर. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. पुढे एक त्याच शाळेत गणित शिकवायला लागला आणि दुसऱ्यानं शाळेसमोरच्या गल्लीत दुकान टाकलं. एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी दोघं सायकली काढायचे, शहरामागचा घाट चढायचे, वर टपरीवर चहा घ्यायचे आणि ऊन तापायच्या आत खाली यायचे. उतारावर मिस्त्री पुढे आणि मास्तर दहा-बारा हात मागे, हे ठरलेलं. मास्तरच्या मागच्या चाकाचा फ्रीव्हील जरा मोठ्यानं वाजायचा. पाय थांबले की टिकटिक सुरू व्हायची. त्यामुळे मिस्त्रीला मान वळवावी लागायची नाही. दोस्त मागे आहे हे कानाला कळायचं.

एकदा मास्तर दुकानात एक छापील कागद घेऊन आला. नव्या सायकलीचा फोटो होता. चाकाच्या मधोमध पोलादी चकती, तिला धरणारा डिस्क ब्रेक, आत तारेऐवजी तेल, आणि गिअर बॅटरीवर चालणारे. बघ रे जरा, म्हणाला, घ्यावी म्हणतो. दुकानात चार-पाच माणसं होती. मिस्त्रीला चेव चढला.

"मास्तर, तुला सायकल चालवायचीय की सायकलीची नोकरी करायचीय? सकाळी उठून तिला चार्जिंगला लाव, दर वर्षी तिचं तेल बदल, आणि भर घाटात रुसली तर डॉक्टरीणबाईंना फोन कर. आजवर या रबराच्या ब्रेकनं तुला कधी दगा दिलाय का?"

सगळे हसले. मास्तरही हसला. त्यानं कागदाची घडी घातली, बोटानं ती नीट दाबली आणि खिशात ठेवली. दगा दिला नाही हे खरं आहे, म्हणाला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. मिस्त्रीला वाटलं, पटलं असेल.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली, आणि मग तो रविवार आला. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. रस्ता काळाभोर, ओला, झाडांवरून अजून टपटप चाललेली. चहा पिऊन दोघं खाली निघाले. मागे टिकटिक होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरंही मिस्त्रीनं घेतलं. चौथ्याला त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आपल्याच चाकाचा आवाज येतोय.

तो खालच्या पुलापर्यंत गेला आणि कठड्याला पाय टेकवून थांबला. आधी त्याला रागच आला. थांबला असेल फोटो काढत, नाहीतर चेन उतरली असेल. तेवढ्यात वरून टिकटिक ऐकू आली. स्पष्ट, जवळ जवळ येणारी. आला एकदाचा, असं म्हणून त्यानं पेडलवर पाय ठेवला आणि मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. आवाज त्याच्या अगदी पाठीशी येऊन थांबला, आणि मग नुसता ओढ्याचा आवाज उरला.

तो उलटा वर गेला. तिसऱ्या वळणावर सायकल कठड्यात अडकली होती. मास्तर कठड्यापलीकडे खाली होता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की पडताक्षणीच सगळं संपलं होतं. म्हणजे मिस्त्री पुलावर उभा राहून कुरकुरत होता, तेव्हा मागे येणारं कुणी उरलंच नव्हतं.

ओल्या रस्त्यावर तोल गेला, असं पोलिसांनी कागदावर लिहिलं आणि सायकल मिस्त्रीच्या दुकानात आणून टाकली. त्यानं ती त्याच दिवशी खोलली. ब्रेकची रबरं अर्धीही झिजली नव्हती. तारा ताणलेल्या, रिम सरळ, मूठ दाबली की दोन्ही बाजू एकदम पकडत होत्या. काहीच चूक सापडेना. त्यानं सायकल परत जोडली, दुसऱ्या दिवशी परत खोलली. आठवडाभर हेच चाललं. चूक सापडली असती तर निदान ती हातात धरून बसता आलं असतं. शेवटी त्यानं सायकल मागच्या खोलीत हुकाला टांगली.

मग दुकानासमोर टिकटिकीला सुरुवात झाली. शाळा सुटायच्या वेळेला, भर दुपारी, गल्लीत ती वाजायची. मास्तर होता तेव्हा रोज त्याच वेळी शाळेतून निघून, पाय न मारता, उताराचा फायदा घेत दुकानासमोरून जायचा. मिस्त्री हातातला पाना ठेवून दारात यायचा. गल्लीत पोरं असायची, भाजीची गाडी असायची, एखादी बाई दार झाडत असायची. एकदा तो दारात उभा असताना आवाज त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे निघून गेला आणि कोपऱ्यावर वळला. समोरची बाई तशीच झाडत राहिली. बायकोनं त्याला दोनदा कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले.

रविवारी सायकल काढणं त्यानं बंद केलं. दुकानात बोलणंही आटलं. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री आता सायकल दुरुस्त करतो आणि न बोलता परत देतो, चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

चार महिन्यांनी मास्तरच्या बायकोचा निरोप आला, भावजी, जरा घरी येऊन जा. मिस्त्री तिला वहिनी म्हणायचा. अंत्यविधीनंतर तो त्या घरी दोनदाच गेला होता आणि दोन्ही वेळा बसायच्या आधीच उठला होता.

वहिनींनी त्याला मागच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात वह्यांचे गठ्ठे, आणि भिंतीला टेकून जुन्या चादरीखाली काहीतरी उभं होतं. चादर ओढायच्या आधीच मिस्त्रीला आकारावरून कळलं. वहिनींनी चादर काढली. गडद करड्या रंगाची सायकल होती. एकही तार दिसत नव्हती. दोन्ही चाकांच्या मध्यावर पातळ चकत्या. हँडलवरची पट्टी हात ठेवायच्या जागी घासून गुळगुळीत झाली होती. महिन्या-दोन महिन्यांत पट्टी अशी होत नाही, हे त्याच्या डोळ्यांनी त्याला न विचारताच सांगितलं.

"कधी घेतली?" त्यानं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, तुमच्या दुकानात तो कागद दाखवून आले ना, त्यानंतर दोन महिन्यांनी. बुधवारी आणि शनिवारी शाळेच्या आधी हीच घेऊन घाटात जायचे. रविवारी मात्र जुनी काढायचे.

"रविवारी का नाही?"

"रविवारी तुमच्याबरोबर जायचं असायचं ना."

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. एखाद्याला दूध चालत नाही म्हणून त्याचा चहा वेगळा ठेवावा, तितक्या सहज त्या बोलल्या.

वहिनींचं म्हणणं एवढंच होतं, की परगावी नोकरी करणारी मुलगी महिनाअखेरीला येणार आहे आणि तिला वडिलांची ही सायकल हवी आहे. ती येईपर्यंत भावजींनी स्वतः बघून, चालवून, नीट करून द्यावी. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. सायकल जिन्यावरून खाली उतरवल्यावर त्यांनी दाराशी त्याला थांबवलं.

"भावजी, एक विचारू? त्या दिवशी ही सायकल असती, तर ते घरी आले असते का?"

मिस्त्रीनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, यावरून त्याला समजलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं. वहिनींनीच सांगितलं होतं."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगायची काही सोय होती का?" ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच पुढे सांगितलं, की शाळेत माहीत होतं, टपरीवाल्याला माहीत होतं, बुधवारी घाटात भेटणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून ते त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं, जसं आजाऱ्यापासून त्याचं दुखणं लपवतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं ती सायकल स्टँडवर चढवली आणि नुसता बघत बसला. चेन मागच्या सगळ्यांत मोठ्या दातेरी चक्रावर होती. म्हणजे शेवटच्या शनिवारी गल्लीचा चढ चढून मास्तर घरी आला, तेव्हाचा गिअर. बॅटरी उतरल्यामुळे तो तसाच थिजून राहिला होता. ब्रेकची मूठ दाबली तर भिजल्या कणकेत बोट जावं तशी आत गेली. आत हवा शिरली होती, एवढं त्याला समजलं. ती काढायची कशी, ते माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानातला एकही पाना त्याच्या कामाचा नव्हता.

सायकल हातानं ढकलत तो चार चौक पलीकडे गेला. डॉक्टरीण मोजे घालत होती. तिनं आधी सायकल ओळखली, मग त्याला.

"या मिस्त्रीकाका," ती म्हणाली आणि स्वतःचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

त्यानं सांगितलं, मला हे शिकायचंय, काम तुम्ही करू नका, मला दाखवा. तिनं दाखवलं. सिरिंजनं खालून तेल चढवायचं, वरून हवेचे बुडबुडे निघताना बघायचे, मूठ हळूहळू कडक होते. सिरिंज पाहून वर्षापूर्वी त्याच्या तोंडून काय काय निघालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं त्याला हेही सांगितलं, की सगळंच नवं चांगलं असतं असं नाही. हँडलच्या पोटातून नळी न्यायची कल्पना ज्यानं काढली त्याला एकदा तिच्या दुकानात बसवून ती बदलायला लावायला हवी. पण ब्रेक चांगले आहेत, म्हणाली, ब्रेकबद्दल मी खोटं बोलणार नाही.

निघताना त्यानं विचारलं, मास्तर माझ्याबद्दल काही बोलायचा का?

"मी त्यांना दर वेळी म्हणायचे, काकांना सांगून टाका. ते म्हणायचे, सांगेन, त्याला वाईट वाटणार नाही अशी वेळ बघतोय."

चार महिन्यांच्या खंडानंतर मिस्त्री पुन्हा घाटात गेला, मास्तरच्या सायकलीवर. दोघांची उंची सारखीच, बैठकही हलवावी लागली नाही. दुसऱ्याचे कपडे घालावेत आणि ते अंगाला बरोबर बसावेत, तसं त्याला वाटलं. चढावर बटण दाबलं की मागे झिर्र करून चेन सरकायची. हे कौतुक त्याला पटलं नाही, तारेनंही तेच होतं. पण उतारावर पहिल्याच वळणाला त्यानं सवयीनं मूठ ओढली, आणि सायकल इतकी चटकन थबकली, की तो पुढे हँडलवर आला. एका बोटाचं काम होतं. ओल्यात, सुक्यात, सारखंच. एकतीस वर्षं तो जे दोन्ही पंजे आवळून करत आला होता, ते इथे एका बोटावर होत होतं.

तो दिवसाआड जाऊ लागला. वहिनींनी नीट चालवून बघायला सांगितलं होतं, हे निमित्त होतंच. या सायकलीचा फ्रीव्हील मुका होता, जवळजवळ वाजतच नसे. त्यामुळे मागची टिकटिक जास्तच स्पष्ट यायची. दुसऱ्या वळणापर्यंत ती दहा-बारा हात मागे असायची, तिसऱ्याला थांबायची. पहिल्या दिवशी तो तिथे उतरून कठड्याला धरून उभा राहिला होता. पुढे पुढे उतरला नाही. आपण उत्तर शोधतोय असं तो स्वतःला सांगायचा. उत्तर तर त्याला मिळाल्यासारखंच झालं होतं: ही सायकल असती तर मास्तर घरी आला असता. आपल्या चार चेष्टेच्या शब्दांनी त्याला जुन्या सायकलीवर बसवलं आणि मारलं. हे उत्तर घेऊन तो झोपायचा आणि तेच घेऊन उठायचा.

तीन आठवडे झाल्यावर एका रविवारी त्यानं स्वतःची जुनी सायकल काढली. का काढली, ते त्याला सांगता आलं नसतं. रविवार होता, आणि रविवारी तीच निघायची, एवढंच. पहाटे सर येऊन गेली होती. चढ नेहमीसारखा गेला. टपरीवाल्यानं न विचारता दोन पेले भरले, चूक लक्षात आल्यावर एक मागे घेतला.

उतरताना पहिली दोन वळणं त्यानं सांभाळून घेतली. मग रस्ता जरा सरळ होतो आणि सायकल वेग धरते. मागे टिकटिक होती. तिसरं वळण समोर आलं, नेहमीच्या खुणेपाशी त्यानं ब्रेक दाबला, आणि काहीच झालं नाही.

म्हणजे ब्रेक होता. तो दाबला गेला, रबर रिमला टेकलं. पण ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं. चाकाचे दोन फेरे त्यात जातात. म्हणून जुने लोक वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून ठेवतात, रिम कोरडी करून घेतात. मिस्त्री आणि मास्तर दोघंही एकतीस वर्षं न चुकता ते करत आले होते, श्वास घ्यावा तसं. आज त्याच्या बोटांनी ते केलं नाही. बोटं खुणेपर्यंत थांबली, कारण तीन आठवड्यांत ती खूणच पुढे सरकली होती. आपल्याला न विचारता हात दुसरंच शिकून बसले होते.

रबरानं पकडलं तेव्हा सायकल डांबर सोडून खडीवर गेली होती. मागचं चाक आडवं झालं. मिस्त्री पाय घासत, गुडघा फोडून घेत, कठड्याला छाती लागून थांबला. खाली झुडपं होती आणि त्यांवर ऊन पडलं होतं. टिकटिक त्याच्या कानामागे आली, आणि या वेळी तिथेच, अगदी खांद्याशी, बराच वेळ चालू राहिली, कुणीतरी सायकल धरून शेजारी उभं असावं आणि चाक अजून फिरत असावं तशी. मिस्त्रीनं मान वळवली नाही.

"कळलं रे," तो म्हणाला. "कळलं."

दुखऱ्या पायानं सायकल ढकलत तो खाली आला, तोवर त्याचं आधीचं उत्तर पार विस्कटून गेलं होतं. मास्तरनं नवी सायकल घेतलीच नसती, तर त्याचे हात जुनेच राहिले असते आणि तो घरी आला असता. नुसती नवीच चालवली असती, तरीही घरी आला असता. तो गेला तो दोन्हींच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेत त्याला दोन वर्षं कुणी उभं केलं होतं, हे मिस्त्रीला चांगलं ठाऊक होतं.

गुडघ्याला फडकं बांधून तो तसाच वहिनींकडे गेला. त्यांनी पाय पाहिला, पाणी आणलं, समोर बसल्या. त्यानं सगळं सांगितलं, रिमचं, पाण्याचं, खुणेचं, बोटांचं. आपल्या बाजूनं काहीही झाकलं नाही. दुकानातली ती चेष्टा, ती हसणारी माणसं, घडी घालून खिशात ठेवलेला कागद, सगळं. वहिनी, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगतो, म्हणाला.

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. त्यांना काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"त्यांना ते माहीत होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी संध्याकाळी जुनी सायकल अंगणात काढायचे. तिच्यावर बसून नुसते ब्रेक दाबायचे. पुढे-मागे, पुढे-मागे, अर्धा अर्धा तास. मी हसायचे. म्हणायचे, हाताला आठवण करून देतोय, उद्या मिस्त्रीबरोबर जायचंय."

मिस्त्रीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या शनिवारी मुलीचा फोन आला होता. खूप दिवसांनी इतकी बोलली. फोन ठेवल्यावर ते अंगणात निघाले, तर मीच म्हटलं, राहू दे आज, अंधार पडत आलाय, बसा जरा माझ्याशी." त्यांनी पदर सोडून दिला. "बसले. छान गप्पा मारल्या आम्ही."

इतके महिने तो हुकाला टांगलेल्या सायकलीत मनातल्या मनात चूक शोधत होता, आणि तितकेच महिने वहिनी इथे तो शनिवार उराशी धरून बसल्या होत्या. ती सायकल असती तर, असं त्यांनी दाराशी विचारलं होतं, ते त्याला दोष द्यायला नव्हतं. कुणीतरी हो म्हणावं आणि आपल्यावरचं ओझं थोडं दुसरीकडे जावं, एवढ्यासाठी होतं. त्याला म्हणावंसं वाटलं, की वहिनी, तुमची काही चूक नाही. पण हेच वाक्य लोकांनी त्यालाही म्हटलं होतं आणि त्याचा काय उपयोग होतो हे त्यानं पाहिलं होतं. तो बसून राहिला. या वेळी उठला नाही. अंगणात ऊन सरकत भिंतीवर गेलं, वहिनींनी चहा केला, तो त्यानं घेतला, आणि दोघं मास्तरबद्दल बोलली; गणिताच्या तासाला तो खडू कसा तोडायचा, घाटात शिट्टी वाजवायचा आणि एकही गाणं धड कसं वाजवता यायचं नाही त्याला.

मुलगी महिनाअखेरीला आली. सरळ दुकानात आली, आईनं काका तिथे असतील असं सांगितलं होतं. वडिलांसारखीच उंच, पण हात लहान. तिनं सायकलीवर बसून पाहिलं, ब्रेककडे बोटं नेली, आणि म्हणाली, काका, मूठ जरा लांब पडतेय.

मिस्त्रीला ते डॉक्टरणीनं शिकवलं होतं. मुठीच्या आत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते, ज्याच्या त्याच्या बोटांच्या लांबीप्रमाणे. त्यानं चावी घेतली, वाकला, आणि थांबला. हा स्क्रू मास्तरनं स्वतः बसून, दाबून बघून, आपल्या हाताला लावून घेतला असणार. सायकलीवर त्याच्या बोटांचं माप उरलं होतं ते एवढ्याच ठिकाणी. किती फेऱ्यांवर होतं हे लिहून ठेवावं असं मिस्त्रीला क्षणभर वाटलं. मग कशासाठी, असंही वाटलं.

त्यानं अर्धा फेरा दिला. "बघ आता."

तिनं दाबून पाहिलं. "अजून थोडी."

त्यानं आणखी अर्धा दिला.

"अजून."

तो फिरवत राहिला, ती दाबून बघत राहिली. बाहेर शाळा सुटली होती आणि गल्ली पोरांनी भरून गेली होती. शेवटी ती म्हणाली, बस, आता हाताला आलं. त्यानं दुसरी बाजूही तशीच लावली, चावी पुसून जागेवर ठेवली, आणि तिला सांगितलं, की घरी दुसरी कुठली जुनी सायकल असेल तर दोन्ही आलटून पालटून चालवू नकोस, चालवायची तर हीच चालव, नाहीतर तीच. तिनं का म्हणून विचारलं. मिस्त्रीनं स्टूल ओढलं, तिला बसायला सांगितलं, आणि सांगायला सुरुवात केली.